बैलाचं रक्त? छे, एगरची वाइन!

आजची बाटली हंगेरीतल्या एगर शहराची, एग्री बिकावेर. बिकावेर म्हणजे बैलाचं रक्त! दंतकथा अशी, की १५५२च्या वेढ्यात किल्ल्यातल्या सैनिकांच्या दाढ्या वाइननं लाल झाल्या आणि तुर्कांना वाटलं, हे लोक बैलाचं रक्तच पितात.

खरी गंमत द्राक्षांत आहे. ही अनेक जातींच्या द्राक्षांची मिश्र वाइन. त्यात मुख्य केकफ्रांकोश. तिच्यात आंबटपणा चांगला, तुरटपणा बेताचा. म्हणून डुकराच्या चरबीत कांदा परतून, पाप्रिका घालून शिजवलेल्या पर्कल्ट या मटणाबरोबर किंवा सॉसेजबरोबर ती मस्त जमते. आंबटपणानं तोंडातला चरबटपणा जातो. आपण मटणावर लिंबू पिळतो ना, तसंच!

कम्युनिस्ट काळात स्वस्तातला माल भरमसाट निघाला आणि नाव खराब झालं. आता नियम कडक आहेत. लेबलवर ‘सुपीरियर’ दिसलं, तर ते आणखी कडक.