गॅस दारात, मिथेनॉल बोटीतून

लोणावळ्याच्या धरणांचे पाणी खोपोलीला टाटांच्या वीजघरात उतरते आणि पुढे पाताळगंगेला मिळते. हे 1915 पासून चालू आहे, म्हणून ही नदी ऐन मे महिन्यातही वाहती असते. त्याच पाण्याच्या भरवशावर रायगड जिल्ह्यातल्या खालापूर तालुक्यात रसायनी उभी राहिली. तिथली हिंदुस्थान ऑर्गॅनिक केमिकल्स (एचओसी) ही सरकारी कंपनी डिसेंबर 1960 मध्ये स्थापन झाली. रंग आणि औषधांच्या कारखान्यांना लागणारी मूळ रसायने देशातच करायची, हा तिचा हेतू. ॲनिलीन, नायट्रोबेंझिनबरोबर एचओसीत फॉर्माल्डिहाइडही होई. प्लायवूड चिकटवणाऱ्या रेझिनचा तो आधार, आणि त्याचा कच्चा माल मिथेनॉल.

मिथेनॉल होते दोन टप्प्यांत. रिफॉर्मरच्या भट्टीत निकेलचा उत्प्रेरक भरलेल्या उभ्या नळ्या असतात. त्यांतून नैसर्गिक वायू आणि वाफ आठशे अंशांच्या वर तापवून सोडली की मिथेन फुटतो. कार्बन मोनॉक्साइडच्या एका रेणूमागे हायड्रोजनचे तीन रेणू मिळतात. मिथेनॉलला मात्र दोनच पुरतात. उरलेला हायड्रोजन बऱ्याचदा भट्टीतच जाळतात. नेमका इथे कार्बन डायऑक्साइड उपयोगी पडतो. मिथेनचे तीन रेणू, पाण्याचे दोन आणि कार्बन डायऑक्साइडचा एक असा मेळ घातला, तर मिथेनॉलचे बरोबर चार रेणू होतात, हायड्रोजन वाया जात नाही. या प्रक्रियेतली मला सर्वांत देखणी वाटणारी गोष्ट हीच.

दुसरा टप्पा तांबे, जस्त आणि ॲल्युमिना यांच्या उत्प्रेरकावर, अडीचशे अंशांच्या आसपास. जर्मनीत बीएएसएफने 1923 मध्ये हे काम सुरू केले तेव्हा प्रचंड दाब लागे. ब्रिटनच्या आयसीआयने 1966 मध्ये तो शंभर वातावरणांच्या आत आणला. एका फेरीत थोडाच वायू बदलतो, म्हणून उरलेला पुन्हापुन्हा फिरवावा लागतो.

रायगडला हे तंत्र परके नाही. मुंबई हायचा गॅस उरणला किनाऱ्यावर येतो. शेजारच्या ट्रॉम्बेला आरसीएफ या खत कंपनीने आणि तळोज्याला दीपक फर्टिलायझर्सने गॅसपासून मिथेनॉल केले; तळोज्याची क्षमता वर्षाला एक लाख टन. अडले ते गॅसच्या दरात. देशातला स्वस्त गॅस आधी खतांना आणि शहरांतल्या चुलींना जातो, आयात गॅसवर मिथेनॉल परवडत नाही. त्यामुळे देशाला लागणारे बहुतेक मिथेनॉल आखाती देशांतून बोटीने येते. एचओसीचा रसायनीचा कारखानाही उरला नाही. मे 2017 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तो बंद करायचे ठरवले. अग्निबाणांसाठी लागणारे नायट्रोजन टेट्रॉक्साइड करणारा प्लांट तेवढा इस्रोकडे सोपवला.

मग गॅस वगळून नुसत्या कार्बन डायऑक्साइडपासून? तेही होते. आइसलँडमध्ये ते 2012 मध्ये सुरू झाले, भूऔष्णिक केंद्राच्या वायूतून. मध्य प्रदेशात विंध्याचलला एनटीपीसीने वीजकेंद्राच्या धुरातून दिवसाला दहा टनांचा प्लांट उभारला आहे. एक टन मिथेनॉलला साधारण 1.4 टन कार्बन डायऑक्साइड आणि 190 किलो हायड्रोजन लागतो. पाण्यातून एवढा हायड्रोजन काढायला दहा हजार युनिट वीज हवी. खोपोलीचे 72 मेगावॉटचे वीजघर रात्रंदिवस पूर्ण क्षमतेने चालवले, तरी दिवसाला पावणेदोनशे टनांच्या आतच मिथेनॉल होईल. तळोज्याच्या क्षमतेच्या दोन तृतीयांशापेक्षाही थोडे कमी. खरा खर्च विजेचा आहे, धुराचा नाही.

इंधन म्हणून मिथेनॉल स्वच्छ जळते, पण एका लिटरात पेट्रोलच्या निम्मीच ऊर्जा असते, आणि जळल्यावर त्यातला कार्बन हवेत परततो. शिवाय ते जहर आहे. मुंबईत मालवणीला 2015 साली मिथेनॉलमिश्रित दारूने शंभरावर माणसे मारली. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरच्या प्रत्येक पंपावर ते ठेवण्याची घाई म्हणूनच करू नये. जहाजांची गोष्ट वेगळी. मर्स्क या जहाज कंपनीचे मिथेनॉलवर चालणारे पहिले कंटेनर जहाज 2023 मध्ये समुद्रात उतरले. न्हावाशेवा बंदर याच जिल्ह्यात आहे. तिथे टाक्या बंदिस्त असतात, हाताळणारी माणसे प्रशिक्षित असतात आणि एकेक गिऱ्हाईक शेकडो टन घेते. रायगडच्या मिथेनॉलने आधी त्या धक्क्यावर जावे.