१९ फेब्रुवारी : एक तारीख, तीन शुक्रवार

(१)

इतिहासांतील गोष्टी तारीखवार लावून, अमुक दिवशीं अमुक थोर पुरुष जन्मला, त्याच दिवशीं अमुक वारला, अशीं दिनविशेषांचीं टिपणें करण्याची आवड पुष्कळांस असते. हीं टिपणें मनोरंजक असतात व स्मरणास उपयोगीही पडतात. परंतु त्यांतील ‘त्याच दिवशीं’ हा शब्द संशोधकानें तपासल्यावांचून घेऊं नये, हें एका उदाहरणानें दाखवावें असा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. उदाहरण महाराष्ट्रांत सर्वांच्या परिचयाचें, म्हणजे १९ फेब्रुवारीचें घेतलें आहे.

या तारखेखालीं तीन नोंदी सामान्यतः एकत्र आढळतात. पोलंडांतील तोरुन गांवीं इ. स. १४७३ त ज्योतिषी कोपर्निकस याचा जन्म, शिवनेरीवर इ. स. १६३० त श्रीशिवछत्रपतींचा जन्म. आणि पुणें येथें इ. स. १९१५ त नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांचें देहावसान. तिन्ही नोंदी आपापल्या ठिकाणीं बरोबर आहेत. तथापि हे तिन्ही प्रसंग वर्षाच्या एकाच दिवशीं घडले, असें विधान केलें तर तें बरोबर ठरत नाहीं. तें कां, याचा विचार करूं.

(२)

प्रथम छत्रपतींच्या जन्मदिवसाकडे वळूं. बखरींतून शके १५४९ प्रभवनाम संवत्सर, वैशाख शुद्ध पक्ष, असा जन्मकाळ पूर्वीं प्रसिद्ध होता. मात्र तिथीविषयीं बखरींचें एकमत नव्हतें. पुढें जेधे यांच्या दप्तरांतील शकावली उपलब्ध होऊन ती लोकमान्य टिळकांनीं इ. स. १९१६ त प्रसिद्ध केली. तींत शके १५५१, शुक्ल संवत्सर, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार, हस्त नक्षत्र अशी नोंद असून वर घटिका-पळेंही दिलीं आहेत. त्यानंतर कवीन्द्र परमानन्दाचें ‘शिवभारत’ तंजावराकडे सांपडून सदाशिव महादेव दिवेकर यांनीं तें इ. स. १९२७ त छापून काढलें. त्यांतही फाल्गुन वद्य तृतीयाच आली, व शके १५५१ च्या पक्षास बळकटी मिळाली.

येथें एक गोष्ट लक्ष्यांत ठेवण्याजोगी आहे. या दोहोंपैकीं एकाही साधनांत ‘१९ फेब्रुवारी’ हे शब्द नाहींत, व ते असण्याचें कारणही नाहीं. मूळ लेख तिथीचा आहे. तारीख ही गणितानें मागाहून काढलेली आहे. म्हणून ती कोणत्या गणनेनें काढली हें सांगितल्याशिवाय तिचा अर्थ पुरा होत नाहीं.

(३)

त्या फाल्गुन वद्य तृतीयेच्या शुक्रवारीं निरनिराळ्या कचेऱ्यांतून कागद लिहिले गेले असतील, तर त्यांवर काय मिति पडली असती तें पाहावें. सुरतेच्या वखारींतील इंग्रज कारकून १९ फेब्रुवारी लिहिता. पण सन मात्र १६२९ घालता. कारण त्या काळीं इंग्रजांचें नवें साल २५ मार्चला सुरू होई, आणि मधल्या दिवसांस कांहीं सावध लेखक १६२९/३० अशीं जोडसालें देत. त्याच दिवशीं गोव्याच्या पोर्तुगीज कचेरींतील कागदावर १ मार्च १६३० अशी तारीख पडती. मुसलमानी रियासतींत हिजरी १०३९ चा रजब महिना चालू होता, व दख्खनी दप्तरांतील शुहूर सन सलासीन व अलफ, म्हणजे १०३०, होता. उत्तर हिंदुस्थानांतील पूर्णिमान्त गणनेनें पक्ष व तिथि हीच, पण महिना चैत्र होतो.

एवढ्या सर्व मित्यांत वार मात्र कोणासही बदलतां येत नाहीं. इंग्रजाचा तो शुक्रवार, पोर्तुगीजाचाही शुक्रवार, आणि जेधे शकावलीचाही शुक्रवारच.

(४)

इंग्रज व पोर्तुगीज यांच्या तारखांत दहा दिवसांचें अंतर कां पडलें याचें कारण यूरोपांतील पंचांगशोधनांत आहे. जुन्या ज्यूलियन गणनेंत वर्षाचें मान खऱ्या सौर वर्षाहून किंचित् अधिक धरलें होतें. त्यामुळें शतकानुशतकें तारखा ऋतूंच्या मागें पडत गेल्या. पोप तेरावा ग्रेगरी यानें इ. स. १५८२ त ४ ऑक्टोबरच्या गुरुवारानंतर एकदम १५ ऑक्टोबरचा शुक्रवार धरविला. दहा तारखा गाळल्या, वारांची परंपरा मात्र अखंड ठेविली. पोर्तुगालनें ही सुधारणा तत्काळ घेतली. इंग्रजांनीं ती पावणेदोनशें वर्षें नाकारली, आणि अखेर इ. स. १७५२ त २ सप्टेंबरच्या बुधवारापुढें १४ सप्टेंबरचा गुरुवार मांडला. मधल्या काळांत अंतर वाढून अकरा दिवसांचें झालें होतें.

आतां आपल्या तीन नोंदी या दृष्टीनें पाहाव्या. कोपर्निकसाच्या काळीं नवी गणना अस्तित्वांतच नव्हती. त्याची १९ फेब्रुवारी ज्यूलियन आहे, व नव्या गणनेनें तो दिवस २८ फेब्रुवारी येतो. कारण त्या शतकांत अंतर नऊ दिवसांचें होतें. शिवछत्रपतींची १९ फेब्रुवारीही ज्यूलियनच. इंग्रजी रिवाजास धरून १७५२ पूर्वींच्या तारखा जुन्या गणनेनें देण्याचा प्रघात मराठ्यांच्या इतिहासांत रुळला आहे. नव्या गणनेनें तोच दिवस १ मार्च होतो. गोखल्यांची १९ फेब्रुवारी मात्र नव्या गणनेची. तात्पर्य, सूर्याच्या गतीनें पाहिलें तर २८ फेब्रुवारी, १ मार्च व १९ फेब्रुवारी असे हे तीन वेगळे दिवस आहेत. चांद्रमासानें पाहिलें तरी मेळ बसत नाहीं. छत्रपतींचा जन्म फाल्गुन वद्यांत, तर गोखल्यांचें निधन फाल्गुन शुद्धांत झालेलें आहे.

एक योगायोग मात्र खरोखर घडला आहे. गणित करून पाहिलें असतां तिन्ही दिवशीं शुक्रवारच येतो. योगायोगांत दुसरीही एक मौज आहे. ज्या कोपर्निकसाची जन्मतारीख या घोटाळ्यांत सांपडली, त्यालाच पंचांगशोधनाविषयीं रोमच्या धर्मसभेकडून विचारणा झाली होती. आणि वर्ष व मास यांचीं मानें अद्यापि पुरतीं ठरलेलीं नाहींत, म्हणून हें काम अपुरें राहिलें, असा त्याचा अभिप्राय होता. त्याचा ग्रंथ इ. स. १५४३ त प्रसिद्ध झाला. सुधारणा त्यानंतर एकोणचाळीस वर्षांनीं झाली.

(५)

वार हा धागा अखंड असला तरी दिवसाचा आरंभ कोठें धरावयाचा हा प्रश्न उरतोच. आपला वार सूर्योदयापासून चालतो, मुसलमानी दिवस सूर्यास्तापासून, व यूरोपीय तारीख मध्यरात्रीपासून. याचें उत्तम उदाहरण राज्याभिषेकाचें आहे. शके १५९६ आनंदनाम संवत्सरीं ज्येष्ठ शुद्ध द्वादशीच्या शुक्रवारीं, कांहीं घटिका गेल्यावर त्रयोदशी लागली असतां, तीन घटिका रात्र उरली तेव्हां महाराज सिंहासनीं बसले, असा जेधे शकावलीचा आशय आहे. ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी व ६ जून १६७४ हीं जीं प्रसिद्ध आहेत, त्यांतील ६ जून हा इंग्रजी गणनेनें शनिवार होतो. वरवर पाहणारास शुक्रवार व शनिवार, द्वादशी व त्रयोदशी असा दुहेरी विरोध दिसेल. वस्तुतः विरोध कोठेंच नाहीं. पहांटेच्या त्या वेळीं आपला शुक्रवार संपावयाचा होता, इंग्रजांचा शनिवार लागून चुकला होता, व सूर्योदयाची द्वादशी असलेल्या दिवशींच त्रयोदशी चालू झालेली होती. हें न जाणतां कोणी शकावलीचा वार ‘लेखकप्रमाद’ म्हणून दुरुस्त करील, तर तो खरा पुरावा पुसून टाकील.

(६)

हा विचार केवळ पंडिती नव्हे. जुन्या रुमालांतील कागदांवर शिसपेनीनें इंग्रजी तारीख टांकून ठेवण्याची संवय अनेक संग्राहकांस असते. पुढें मूळ कागद जीर्ण होतो, नक्कल करणारा ती शिसपेनीची तारीखच उतरून घेतो, आणि तिथि, वार, चंद्र व सन हीं सर्व गळून जातात. मग चूक शोधण्यास साधनच उरत नाहीं. इंग्रज व पोर्तुगीज कागद एकत्र लावतांना तर कार्यकारणच उलटें होण्याचा संभव आहे. समजा, इ. स. १६७४ त गोव्याहून १२ जूनची तारीख घालून एक पत्र निघालें, व त्याचा उल्लेख असलेलें इंग्रजांचें उत्तर ५ जूनचें आहे. तारखांच्या क्रमानें लावल्यास उत्तर पत्राच्या आधीं येतें. खऱ्या क्रमानें तें तीन दिवस मागाहूनचें आहे.

म्हणून संग्राहकांनीं तीन गोष्टी पाळाव्या. पहिली, कागदावरील मिति जशी असेल तशी, अशुद्धांसह, प्रथम उतरावी. दुसरी, काढलेली तारीख वेगळ्या जागीं लिहून ती जुन्या गणनेची कीं नव्या, हें लिहावें. जानेवारी ते २४ मार्चपर्यंतच्या जुन्या इंग्रजी कागदांस दोन्ही सालें द्यावीं. तिसरी, वार दिला असेल तर गणिताचा ताळा त्याच्याशीं घ्यावा. आणि वार जुळत नसल्यास कागद खोटा म्हणण्यापूर्वीं प्रसंग रात्रीचा होता कीं काय, हें पाहावें.

शासनाचा शिवजयंतीचा उत्सव १९ फेब्रुवारीस होतो. कित्येक लोक तिथीनें फाल्गुन वद्य तृतीयेस, म्हणजे बहुधा मार्च महिन्यांत, तो करितात. दोघांच्याही बुडाशीं जेधे शकावलींतील तोच एक शुक्रवार आहे. तेव्हां यांत एक खरा व दुसरा खोटा असा वाद घालण्याचें प्रयोजन नाहीं. दिनविशेषांचीं टिपणें अवश्य करावीं. पण प्रत्येक तारखेमागें तिची मूळ मिति लिहून ठेवावी, एवढीच संग्राहकांस विनंति आहे. पुढील संशोधकाला ताळा पाहावयाचा तो तिच्यावरूनच पाहावा लागणार आहे.