नारळाचं झाड आणि आजीची वाकळ

(रेडिओवर झालेलं बोलणं, जसं बोललो तसं)



या वेळेला तुम्ही रेडिओ लावता तेव्हा बहुतेक करून गटाचा हिशेब, शेळ्यांचं लसीकरण, नाहीतर अंगातलं रक्त कसं वाढवायचं, असं काहीतरी कामाचं ऐकायला मिळतं. आज आम्ही दोघी चित्रांविषयी बोलणार आहोत. ‘चित्रांशी आपला काय संबंध?’ असं म्हणून रेडिओ बंद करू नका. हे बोलणं फिरून तुमच्याच हातांपाशी येणार आहे.

आम्ही दोघी माण तालुक्यातल्या, शेजारशेजारच्या गावांतल्या. शाळेत असताना चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट परीक्षा दिल्या आणि पुढं घरी हट्ट करून चित्रकलेच्या कॉलेजात नाव घातलं. पहिल्याच महिन्यात सरांनी सांगितलं, ‘आपल्या गावाचं चित्र काढून आणा.’ आम्ही आणलं. दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, खाली वाहती नदी, नदीत होडी, काठावर नारळाचं झाड आणि एक कौलारू घर. दोघींचं चित्र जवळजवळ सारखंच. सरांनी दोन्ही चित्रं शेजारी ठेवली आणि विचारलं, ‘तुमच्या गावात होडी कोण चालवतं?’

सगळा वर्ग हसला. आम्हालाही हसू आलं, पण घरी जाताना एसटीत दोघी गप्पच होतो. आमच्या माणगंगेत वर्षातले कितीतरी महिने नुसती वाळू असते. तिथं होडी कुठली आणि नारळ कुठला? आमच्याकडं बाभळी, माळावरची मेंढरं, खांद्यावर घोंगडं टाकलेला धनगर, टँकर आला की लागणारी हंड्या-कळशांची रांग. हे सगळं आम्ही जन्मापासून बघत होतो. पण ते चित्रात घेण्यासारखं आहे असं कधी वाटलंच नव्हतं. चित्र म्हणजे कॅलेंडरवर असतं ते, हे डोक्यात पक्कं बसलेलं.

मग सरांनी दुसरं काम दिलं. म्हणाले, ‘पंधरा दिवस चित्र काढू नका. घरात हातानं जे जे होतं ते फक्त बघा आणि वहीत टिपा.’

सुरुवातीला हे फार सोपं वाटलं. पण बघणं आणि नजर जाणं यात फरक आहे. भाकरी थापताना आईकडं आमची नजर हजार वेळा गेली असेल. बघितलं तेव्हा कळलं की ती पीठ ढकलत नाही. भाकरी परातीत फिरत राहते, हात एकाच जागी राहतो, म्हणून गोल सगळीकडून सारखा होतो. आम्ही कॉलेजात कंपास घेऊन गोल काढत होतो. आईनं कंपास कधी हातात धरला नव्हता.

अंगणातली ठिपक्यांची रांगोळी बघा. आधी ठिपके सारख्या अंतरावर पडतात, मग त्यांच्या आधारानं रेघा जातात. एका बाजूला जे केलं तेच दुसऱ्या बाजूला. कॉलेजात याला समतोल रचना म्हणतात आणि त्यावर मार्क असतात. आमची वहिनी ती रोज सकाळी पाण्याची बादली शेजारी ठेवून पाच मिनिटांत काढते आणि संध्याकाळपर्यंत ती पायाखाली पुसूनही जाते.

एक दिवस आजी परड्यातली भिंत लिंपत होती. मातीत भुसा कालवत होती. आम्ही विचारलं, ‘भुसा कशाला?’ ती म्हणाली, ‘नुसती माती तडकती. भुश्यानं धरून ऱ्हाती.’ पुढच्याच आठवड्यात कॉलेजात अजिंठ्याच्या लेण्यांचा तास होता. तिथल्या जगप्रसिद्ध चित्रांच्या खाली मातीचाच गिलावा आहे. त्यात भाताचं तूस, वनस्पतींचे धागे, शेण असं मिसळलेलं आहे. त्यावर पांढरा पातळ थर आणि मग रंग. त्यातला तांबडा रंग म्हणजे गेरूची माती, पिवळा म्हणजे पिवळी माती, काळा म्हणजे काजळी. तुमच्या-आमच्या घरात असतं तेच सामान. आम्ही मात्र रंगाच्या महागड्या नळ्या विकत आणत होतो आणि चुलीमागच्या गेरूच्या डब्याकडं बघतही नव्हतो.

आता मुख्य गोष्ट. कुणी तिला गोधडी म्हणतं, कुणी वाकळ. आमच्यातल्या एकीची आजी उन्हाळ्यात वाकळ शिवायला बसली होती. जुनं लुगडं जमिनीवर ताणून पसरलं, चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवले. त्यावर थर, त्यावर तुकडे. मग काठापासून धावदोरा सुरू केला. एक फेरा झाला की बोटभर आत दुसरा फेरा. चौकोनात चौकोन, आत आत जात मध्यापर्यंत. आम्ही पट्टी घेऊन टाके मोजले. सगळे अगदी सारखे नव्हते, पण लांबून बघितलं की पावसाच्या सरी पडल्यासारखे सारखे दिसत होते. आजी म्हणाली, ‘मोजायचं काय त्यात? हात जातो.’ याला आमच्या शिक्षणात लय म्हणतात. एकच गोष्ट पुन्हा पुन्हा येते, पण दर वेळी तिच्यात हाताचा थोडा फरक असतो, म्हणून ती मशीनच्या शिवणीसारखी मुकी वाटत नाही.

मग रंग. आजीनं गडद हिरव्या तुकड्याशेजारी एक लहानसा पिवळा तुकडा लावला. दोनदा उसवला, पुन्हा तिथंच लावला. का, म्हणून विचारलं तर म्हणाली, ‘हितं पिवळं नसतं तर समदी वाकळ झोपली असती.’

ही ‘झोपलेली वाकळ’ आम्ही वहीत लिहून ठेवली. कारण रंगाविषयी जे आम्हाला तीन तास समजत नव्हतं ते त्यात होतं. रंग एकटा कधीच नसतो. शेजारी कोण आहे त्यावर तो कसा दिसेल ते ठरतं. तुम्ही हे आजच करून बघा. एक लाल मिरची कोथिंबिरीच्या जुडीवर ठेवा. मग तीच मिरची टोमॅटोच्या ढिगावर ठेवा. मिरची तीच. पण हिरव्यावर ती ओरडते आणि लालात हरवते. लाल आणि हिरवा हे रंगचक्रात समोरासमोरचे रंग, म्हणून जवळ आले की एकमेकांना उठाव देतात. साडीवरचा ब्लाउज निवडताना तुम्ही हेच करता.

चित्राची प्रेरणा म्हणजे काय, हे आम्हाला तिथं बसल्या बसल्या समजायला लागलं. ती काही आकाशातून पडत नाही. कुणाच्या तरी हातातलं काम थांबून बघितलं आणि ‘हे असं का?’ म्हणून विचारलं, की तिथून ती सुरू होते.

हे फक्त आमच्या घरातलं नाही. पालघरकडच्या वारली चित्रांचं बघा. आज ती पिशव्यांवर, साड्यांवर, शहरातल्या भिंतींवर दिसतात. मुळात ती लग्नाच्या वेळी घरातल्या कुडाच्या भिंतीवर काढायची. तांदळाच्या पिठाचं पांढरं पाणी आणि टोक ठेचलेली बांबूची काडी, एवढंच सामान. लग्नाचा चौक काढायच्या त्या सवाशिणी. पुढं डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा मशे यांनी हे चित्र कागदावर आणलं, रोजची शेती, मासेमारी, नाच त्यात काढला आणि ते जगभर नेलं. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांचं मोठेपण खरंच. पण त्यांच्या आधी पिढ्यान् पिढ्या चौक काढणाऱ्या त्या बायांपैकी किती जणींची नावं आपल्याला माहीत आहेत?

मध्य प्रदेशातल्या झाबुआकडच्या भूरीबाई भोपाळला भारत भवनाचं बांधकाम चाललं होतं तिथं मजुरीला होत्या. चित्रकार जगदीश स्वामीनाथन यांनी त्यांना चित्र काढायला सांगितलं आणि त्याचे पैसेही दिले. भूरीबाईंनी काय काढलं? गावाकडच्या भिल्लांच्या घरांच्या भिंतींवर असायचं ते. जनावरं, झाडं, देव. २०२१ साली त्यांनाही पद्मश्री मिळाली.

आणि आपल्या खानदेशातल्या बहिणाबाई चौधरी. लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात, घरात, जात्यावर काम करता करता गाणी सुचत गेली. घरातल्या माणसांनी ती कागदावर उतरवून ठेवली. १९५१ साली त्या गेल्या आणि १९५२ साली ‘बहिणाबाईंची गाणी’ पुस्तक आलं. कुणी उतरवून घेतली नसती तर? जात्यावरच्या ओव्यांचंही तसंच. हेमा राईरकर आणि गी पोइटवँ यांनी गावोगाव फिरून लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. आम्हाला त्यातली सगळ्यात मोठी गोष्ट वाटते ती ही की ओवीबरोबर गाणारीचं नाव आणि गावही लिहून ठेवलं.

नावाचं एवढं का सांगतोय, तर त्यात आमचीच चूक झाली होती.

वर्षअखेरीला कॉलेजात प्रदर्शन होतं. आम्ही दोघींनी मिळून आजीच्या वाकळेवरून एक मोठं चित्र केलं. चौकोनात चौकोन, गेरू, काजळी, पिवळी माती आणि मध्याच्या जरा बाजूला तो पिवळा तुकडा. चित्राचं कौतुक झालं. खाली पुठ्ठ्याच्या पट्टीवर आमची नावं होती. आजी एसटीनं बघायला आली. चित्रापुढं बराच वेळ उभी राहिली. तिला वाचता येत नाही. पट्टीवर बोट ठेवून तिनं विचारलं, ‘हितं काय लिवलंय?’ आम्ही आमची नावं वाचून दाखवली. ती म्हणाली, ‘बरं हाय.’ मग पिवळ्या तुकड्याकडं बघत एवढंच म्हणाली, ‘ह्यो माझाच न्हवं?’

ती रागावली नव्हती. पण आम्हाला खाली बघावंसं वाटलं. रंग आमचे, कागद आमचा, मेहनत आमची. पण जोडणी तिची होती. आणि आम्ही ती न विचारता उचलली होती.

त्याच दुपारी आम्ही नवी पट्टी लिहायला घेतली. ‘आजी, तुझं पूर्ण नाव सांग,’ म्हटलं. तर तिनं उलट विचारलं, ‘कंचं? म्हायेरचं का सासरचं?’ लग्नात तिचं नाव बदललं होतं. तिचं माहेरचं नाव सख्ख्या नातीलाही माहीत नव्हतं. आजी जरा थांबली आणि म्हणाली, ‘म्हायेरचं लिवा. वाकळ मी आईपशी शिकले.’ पट्टीवर आम्ही तसंच लिहिलं. ‘रचना आणि रंगांची जोडणी’ असं लिहून तिचं माहेरचं नाव, आणि त्याखाली ‘चित्र’ असं लिहून आमची नावं.

तेव्हापासून आम्ही काही सवयी लावून घेतल्या आहेत. तुमच्या गटातही त्या जमतील. पहिली, एक वही ठेवा. रांगोळी, वाकळेची जोडणी, रुखवतातली नक्षी, जे आवडेल ते तिच्यात काढा. चांगलं आलं पाहिजे असं नाही. दुसरी, शेजारी लिहा की हे कुणी केलं, कुठल्या गावचं, ती कुणाकडून शिकली. लिहिता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या मुलीला सांगा, तीही त्यानिमित्तानं ऐकेल. तिसरी, वाकळ शिवून झाली की मागच्या कोपऱ्यात दोऱ्यानं नाव आणि साल घाला. गट वाकळा विकत असेल तर हे नक्की करा. घेणाऱ्याला कळू दे की हे कुण्या एका बाईच्या हातचं आहे. आणि चौथी, दुसरीची जोडणी घेतलीत तर तिला सांगून घ्या.

घरात म्हातारी बाई असेल तर आज संध्याकाळी तिच्याजवळ बसा आणि तिचं माहेरचं नाव विचारा. वहीचं पहिलं पान तिथून सुरू होईल.

आजीची ती वाकळ सध्या आमच्या होस्टेलच्या खोलीवर आहे. थंडीत दोघी मिळून पांघरतो. मागच्या सुट्टीत आजीनं तिच्या कोपऱ्यात नाव घालायला सुरुवात केली आहे. अक्षरं आम्ही खडूनं काढून दिली, टाके तिचे. दोन अक्षरं झाली आहेत, बाकीची दिवाळीत.