पाळी आली म्हणजे पीसीओएस गेला का?

पीसीओएसच्या (पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम) बहुतेक कहाण्या पाळीपासून सुरू होतात आणि पाळीपाशीच संपवल्या जातात. दोन-तीन महिने पाळी आली नाही, डॉक्टरांनी काही दिवसांच्या गोळ्या दिल्या, गोळ्या संपल्यावर रक्तस्राव झाला, आणि घरच्यांच्या लेखी मुलगी बरी झाली. तो रक्तस्राव होतो गोळ्यांतलं प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक मिळणं थांबल्यामुळे. स्त्रीबीज तयार होऊन बाहेर पडतंय का, रक्तातली साखर कशी आहे, यातलं काहीच त्यावरून कळत नाही. पुढचे बरेच गैरसमज या एका गफलतीतून निघतात, ॲलोपॅथीबद्दलचे आणि आयुर्वेदाबद्दलचेही.

"सोनोग्राफीत गाठी दिसल्या, काढाव्या लागतील का?"

नाही, कारण त्या गाठी नसतातच. 1935 मध्ये शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेंथल या डॉक्टरांनी सात स्त्रियांची हकीकत प्रसिद्ध केली. तेव्हा सगळं लक्ष अंडाशयातल्या 'सिस्ट'कडे गेलं आणि आजाराला तेच नाव चिकटलं. प्रत्यक्षात सोनोग्राफीत दिसतात त्या वाढ अर्धवट थांबलेल्या, 2 ते 9 मिलिमीटरच्या बीजपुटिका. निरोगी तरुण मुलींमध्येही त्या भरपूर असू शकतात.

म्हणूनच नुसत्या सोनोग्राफीवरून निदान होत नाही. 2003 च्या रॉटरडॅम निकषांनुसार तीनपैकी दोन गोष्टी असाव्या लागतात: अनियमित पाळी, पुरुषी संप्रेरकांचा जोर (हनुवटीवर जाड केस, हट्टी मुरमं, किंवा रक्ततपासणीत वाढलेलं टेस्टोस्टेरॉन) आणि सोनोग्राफीतलं ते चित्र. थायरॉइड आणि प्रोलॅक्टिनचे आजार आधी वगळायचे. 2023 च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना तर सांगतात, की किशोरवयीन मुलींमध्ये निदानासाठी सोनोग्राफी वापरूच नये. तरीही दहावी-बारावीतल्या मुली हातात रिपोर्ट घेऊन घाबरून बसलेल्या दिसतात, याची जबाबदारी त्यांच्या आयांवर ढकलता येणार नाही.

पीसीओडी सौम्य आणि पीसीओएस गंभीर, ही विभागणीही खरी नाही. आजार एकच आहे.

"आमची मुलगी तर काटकुळी आहे"

पीसीओएस असलेल्या बऱ्याच जणींच्या आजाराच्या मुळाशी इन्शुलिनला शरीर नीट दाद न देणं हे असतं. मग स्वादुपिंड जास्त इन्शुलिन सोडतं. हे वाढीव इन्शुलिन अंडाशयाला जास्त टेस्टोस्टेरॉन बनवायला लावतं, आणि स्त्रीबीजाची वाढ मध्येच अडते. वजन वाढलं की हे चक्र जोरात फिरतं, पण ते सुरू व्हायला लठ्ठपणा लागतोच असं नाही.

इथे पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचं काम आठवतं. 2004 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्यांनी स्वतःचा आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो छापला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, अगदी सारखा, 22.3. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के, तर याज्ञिकांची 21.2 टक्के. आपल्याकडे काट्यावरचं वजन असं फसवतं. म्हणून अंगकाठी कशीही असो, पीसीओएस असेल तर ग्लुकोज पिऊन दोन तासांनी साखर तपासायची, आणि दर एक ते तीन वर्षांनी ती तपासणी पुन्हा करायची. मान, काखा काळ्या-मखमली झाल्या असतील तर साबणाने घासत बसू नका, साखर बघा.

"लग्न झालं की जाईल" आणि "हिला मूल होणार नाही"

एकाच मुलीला एकाच घरात ही दोन्ही वाक्यं ऐकावी लागतात! लग्नाने हा आजार जात नाही. वंध्यत्वही अटळ नाही; स्त्रीबीज बाहेर पडण्याची अडचण उपचारांना बऱ्यापैकी दाद देते. वजन जास्त असेल तर ते 5 ते 10 टक्के उतरल्यानेही काहींची पाळी सुधारते. त्यापुढे लेट्रोझोल हे पहिल्या पसंतीचं औषध. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत लेट्रोझोल घेणाऱ्या 27.5 टक्के स्त्रियांना मूल झालं, जुन्या क्लोमिफीनवर 19.1 टक्के जणींना. दुसरी बाजू अशी, की पाळी अनियमित असली तरी अधूनमधून स्त्रीबीज सुटतं, त्यामुळे 'मला दिवस जाणारच नाहीत' हा भरवसा धोक्याचा.

गर्भनिरोधक गोळ्यांनी वंध्यत्व येत नाही. त्या गर्भाशयाचं अस्तर जाड होऊ देत नाहीत, मुरमं आणि केसही आटोक्यात ठेवतात. मात्र रक्तात गुठळी होऊन गेली असेल, रक्तदाब जास्त असेल किंवा डोळ्यांपुढे चमक दिसून येणारी अर्धशिशी असेल, तर इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्या चालत नाहीत. मैत्रिणीची चिठ्ठी दाखवून त्या आणू नयेत.

"आयुर्वेदिक आहे, म्हणजे अपाय नाहीच"

आयुर्वेदाच्या ग्रंथांत पीसीओएस या नावाचा आजार अर्थातच नाही. पण आर्तवक्षय (पाळी कमी होणं), नष्टार्तव (पाळी बंद होणं) यांची वर्णनं आहेत, आणि काश्यपसंहितेत पुष्पघ्नी जातहारिणीची: ऋतुस्राव निष्फळ, गाल स्थूल आणि केसाळ. चरकाचार्य अतिपोषणातून होणाऱ्या विकारांत प्रमेह (मधुमेहासारखे विकार) आणि अतिस्थौल्य (लठ्ठपणा) एकत्र मांडतात आणि त्यावर व्यायाम, लंघन सांगतात. आजचे स्त्रीरोगतज्ज्ञही आठवड्याला 150 मिनिटांचा व्यायाम आधी सांगतात, तेव्हा निदान या मुद्द्यावर भांडण नाही.

औषधांचं तसं नाही. कांचनार गुग्गुळ, शतावरी, लताकरंज, वमन, बस्ती यांवर अभ्यास झालेत, पण ते बहुतेक लहान आहेत. साखर, स्त्रीबीज, अपत्यजन्म यांवर मोठ्या चाचण्यांचा भक्कम आधार नाही. वैद्यांच्या देखरेखीत आहार, दिनचर्या आणि निवडक औषधांनी फायदा झाल्याचं सांगणाऱ्या स्त्रिया आहेत, ते नाकारायचं कारण नाही. मात्र डॉक्टरांनी दिलेलं मेटफॉर्मिन हे साखरेचं औषध परस्पर बंद करून काढे सुरू करणं हा पर्याय नव्हे.

शिवाय अपाय होतो. 2008 मध्ये इंटरनेटवरून विकत घेऊन तपासलेल्या 193 आयुर्वेदिक उत्पादनांपैकी साधारण पाचव्या हिश्शात शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं. त्यात अमेरिकी आणि भारतीय दोन्ही बनावटीची होती. न्यूयॉर्कमध्ये 2011-12 मध्ये सहा गर्भवतींना अशा औषधांतून शिशाची विषबाधा झाली. पाळी आणणारी रजःप्रवर्तिनी वटी गर्भारपणात वर्ज्य आहे. पीसीओएसमध्ये पाळी लांबणं नेहमीचंच, म्हणून ती चुकल्यावर गर्भारपणाची चाचणी करायचं सुचतच नाही आणि वटी सुरू होते. आधी चाचणी, मग औषध.

राहिल्या 'पीसीओडी तीन महिन्यांत मुळापासून' छाप जाहिराती. पाळीच्या तक्रारी किंवा स्त्रियांचं वंध्यत्व बरं करण्याचा दावा करणाऱ्या औषधांच्या जाहिरातींना आपल्याकडे 1954 च्या कायद्यानेच मनाई आहे. मुळापासून घालवणारं औषध आज कुठल्याच पॅथीकडे नाही. आजार आटोक्यात मात्र उत्तम राहतो.

पाळीत 90 दिवसांहून जास्त अंतर पडत असेल, तर थांबू नका. जाड होत गेलेल्या अस्तरातून पुढे गर्भाशयाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. डॉक्टर आणि वैद्य दोघांकडे जात असाल, तर दोघांनाही एकमेकांची औषधं दाखवा, आणि ज्या पुडीवर घटकांची नावं छापलेली नाहीत ती घेऊ नका.