रामय्याची झोपडी: ज्यांच्या नावावर सातबारा नव्हता, त्यांची साक्ष

तंजावर म्हटलं की आपल्या मराठी माणसांना काय आठवतं? भोसल्यांची गादी, सरस्वती महाल ग्रंथालय, सोनेरी वर्खाची चित्रं. पण त्याच तंजावर जिल्ह्यातलं एक गाव आपल्यापैकी फार थोड्यांना माहीत असतं. गावाचं नाव कीळवेणमणी. आज ते नागपट्टिणम जिल्ह्यात येतं.

कावेरीच्या पाण्यावरचा हा सगळा भाग म्हणजे भाताचं कोठार. पण लावणी आणि कापणी करणाऱ्या दलित मजुरांकडे स्वतःची वीतभरही जमीन नव्हती. मजुरी मिळायची तीही धान्यात, माप मोजून. १९६०च्या दशकात हे मजूर लाल झेंड्याखाली एकत्र आले. मागणी साधी होती, मजुरीचं भात थोडं वाढवून द्या. जमीनमालकांनी आपली वेगळी संघटना उभी केली आणि बाहेरून मजूर आणायला सुरुवात केली. तणाव वाढत गेला.

२५ डिसेंबर १९६८च्या रात्री वस्तीवर हल्ला झाला. जीव वाचवण्यासाठी बायका, मुलं आणि म्हातारी माणसं रामय्या नावाच्या मजुराच्या झोपडीत शिरली. ती झोपडी पेटवून देण्यात आली. ४४ जण जळून गेले.

खटला चालला. खालच्या कोर्टाने काही जमीनमालकांना दहा वर्षांची शिक्षा दिली. पुढे मद्रास उच्च न्यायालयात, म्हणजे आपल्या चेन्नईतच, ते निर्दोष सुटले. मोटारी बाळगणारे श्रीमंत लोक स्वतः चालत जाऊन आग लावतील हे पटत नाही, अशा अर्थाचं निरीक्षण त्या निकालात होतं. आजही अनेकजण त्याबद्दल हळहळ व्यक्त करतात.

या घटनेवर इंदिरा पार्थसारथी यांनी 'कुरुदिप्पुनल' ही तमिळ कादंबरी लिहिली. तिला १९७७ साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. पण ज्यांनी ती रात्र पाहिली, त्यांचा स्वतःचा आवाज कुठे होता?

तो आवाज भारती कृष्णकुमार यांच्या 'रामय्याविन कुडिसै' या माहितीपटातून लोकांपर्यंत पोहोचला. नावाचा अर्थ 'रामय्याची झोपडी'. साल होतं २००५. म्हणजे घटनेला ३६ वर्षं उलटून गेली होती. तेव्हाची तरुण माणसं म्हातारी झाली होती. आणखी काही वर्षं थांबलं असतं, तर सांगायला कोणी उरलं असतं का?

भूमिहीनांवरच्या माहितीपटाचं महत्त्व इथेच कळतं. जमीनवाल्याची नोंद सातबाऱ्यावर असते, खरेदीखतात असते. भूमिहीनाच्या नावाने बहुतेकदा कुठलाच कागद नसतो. त्याच्याकडे असते ती फक्त आठवण, आणि ती माणसाबरोबर जाते. कॅमेरा तिला टिकवून ठेवतो. कॅमेरा निकाल बदलू शकत नाही, पण 'असं घडलंच नाही' असं म्हणणं मात्र अवघड करून टाकतो.

या गोष्टीला एक मराठी धागाही आहे. आपल्या कोकणातल्या गागोदे गावच्या विनोबा भाव्यांनी १९५१ साली पोचमपल्लीत भूदान चळवळ सुरू केली. त्या चळवळीत घडलेलं कृष्णम्मल आणि जगन्नाथन हे जोडपं हत्याकांडानंतर कीळवेणमणीला आलं आणि या भागातल्या भूमिहीनांसाठी झटलं. पुढे १९८१ साली त्यांनी 'लाफ्टी' ही संस्था काढली आणि हजारो भूमिहीन कुटुंबांना जमीन मिळवून दिली. विशेष म्हणजे जमीन बाईच्या नावावर करण्याचा त्यांचा आग्रह असे. २००८ साली त्यांना 'राइट लाइव्हलीहूड' पुरस्कार मिळाला.

मार्च २०१८मध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत सुमारे १८० किलोमीटर चालत आलेले शेतकरी आठवतात? त्यांत कसत असलेली वनजमीन नावावर करा म्हणणारे आदिवासी मोठ्या संख्येने होते. त्यांच्या सोललेल्या पायांचे फोटो मोबाईलवरून घराघरांत पोहोचले आणि शहर हललं. कीळवेणमणीच्या मजुरांच्या हातात तेव्हा असा मोबाईल नव्हता.

आपल्या हातात तो आहे. तुमच्या घरात दुसऱ्याच्या शेतात राबलेली आजी असेल, तर या सुट्टीत तिच्यासमोर बसा. रेकॉर्डिंग सुरू करा आणि विचारा, 'आजी, तेव्हा मजुरी किती मिळायची गं?' मग मध्ये न बोलता ऐका.