कारखान्याचा अहवाल आणि लोकप्रतिनिधीचा अहवाल

सप्टेंबर महिना उजाडला की बारामती आणि इंदापूर तालुक्यांतील ऊस उत्पादक सभासदांच्या घरी साखर कारखान्याचा वार्षिक अहवाल येऊन पडतो. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती, बिजवडीचा कर्मयोगी, शहाजीनगरचा नीरा-भीमा, कारखाना कोणताही असो, अहवालाची धाटणी एकच. गाळप किती झाले, उतारा किती पडला, तोडणी-वाहतुकीपोटी किती कापले, कर्ज किती थकले, लेखापरीक्षकांनी कोणते शेरे मारले. चौथीपलीकडे शाळा न शिकलेला सभासदही त्यातला उताऱ्याचा रकाना बरोबर हुडकून काढतो. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने १०.२५ टक्के उताऱ्यास क्विंटलमागे ३५५ रुपये आणि त्यापुढील प्रत्येक ०.१ टक्क्यास ३.४६ रुपये असा रास्त व किफायतशीर दर ठरविला. म्हणजे उताऱ्यातील अर्ध्या टक्क्याला टनामागे १७३ रुपये. हा हिशेब त्याला कोणी शिकवावा लागत नाही.

आता याच सभासदाच्या हाती पडणारा दुसरा अहवाल पाहावा. तो आमदाराचा असतो किंवा खासदाराचा. गुळगुळीत कागदावर छापलेल्या या पुस्तिकेत भूमिपूजनांची छायाचित्रे असतात, मंजूर निधीचे आकडे असतात, सभामंडप, रस्ते, हायमास्ट दिवे यांची गावनिहाय यादी असते. जमेची बाजू भरगच्च. नावेची बाजू छापलेलीच नसते. कोणते काम झाले नाही, कोणत्या प्रश्नावर प्रतिनिधीला सभागृहात नकार मिळाला, मतदारसंघातील एका भागाला दिलेले पाणी दुसऱ्या कोणत्या भागाचे कमी झाले, याचा उल्लेख शोधूनही सापडत नाही. कारखान्याच्या संचालक मंडळाला तोटा छापावाच लागतो. वार्षिक सभा पुष्कळदा ‘मंजूर, मंजूर’ च्या गजरात आटोपते हे खरे. परंतु छापलेला आकडा त्या गजराने पुसला जात नाही.

या भागात प्रतिनिधी लोकांना भेटत नाहीत, असे मात्र कोणी म्हणू शकणार नाही. १९६७ साली शरद पवार बारामतीतून प्रथम विधानसभेवर निवडून आले, तेव्हापासून गावोगावच्या माणसांना नावानिशी ओळखण्याचा आणि सकाळी दारी आलेल्यांचे म्हणणे ऐकून घेण्याचा एक रिवाजच येथे पडला. १९९१ पासून विधानसभेवर निवडून येत राहिलेले अजित पवार भल्या पहाटे कामांच्या पाहणीस निघत, ही गोष्ट तालुक्यात सर्वतोमुखी होती. इंदापुरात १९९५ पासून हर्षवर्धन पाटील आणि २०१४ पासून दत्तात्रय भरणे यांनीही संपर्काचे हेच वळण ठेवले. २००९ पासून लोकसभेत बारामतीचे प्रतिनिधित्व करणाऱ्या सुप्रिया सुळे यांनी २०१४ ते २०१९ या सोळाव्या लोकसभेत हजाराहून अधिक प्रश्न विचारले. इतका जिवंत संपर्क महाराष्ट्रातील फार थोड्या मतदारसंघांच्या वाट्याला आला असेल.

तथापि संपर्क आणि माहिती या दोन भिन्न वस्तू आहेत. सकाळच्या भेटीला येणारा माणूस अर्ज घेऊन येतो. बदली, दाखला, रुग्णालयातील खाट, रोहित्राची तक्रार ही त्याची कामे. ती होतात, आणि व्हायलाच हवीत. पण जो भेटला त्याचे काम झाले, जो भेटला नाही तो तसाच राहिला, हा त्या व्यवस्थेचा अंगभूत नियम आहे. माहितीचे तसे नसते. धरणात पाणी किती आहे हे एकाला सांगितल्याने दुसऱ्यासाठी ते ज्ञान कमी होत नाही. अर्थशास्त्राच्या परिभाषेत ती सार्वजनिक वस्तू ठरते. आणि सार्वजनिक वस्तू कोणी आपण होऊन पुरवीत नाही, ती पुरविण्याची जबाबदारी कोणावर तरी टाकावी लागते. अँथनी डाऊन्स या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने १९५७ साली असे दाखवून दिले की, एका मताने निकाल फिरण्याची शक्यता नगण्य असल्यामुळे सार्वजनिक प्रश्नांची माहिती मिळविण्याचा खटाटोप मतदाराला परवडत नाही. अज्ञानी राहणे हेच त्याच्या दृष्टीने शहाणपणाचे ठरते. मतदाराचा हा खर्च वाचवू शकेल असा माणूस एकच, त्याचा प्रतिनिधी. त्याला सभागृहात उत्तरे मिळतात, अधिकारी त्याच्यासमोर आकडे मांडतात.

प्रतिनिधी हे करीत नाहीत याचे एक कारण निधीत दडलेले आहे. १९९३ साली खासदार स्थानिक क्षेत्र विकास योजना सुरू झाली, तेव्हा प्रत्येक खासदाराला पाच लाख रुपये मिळाले. १९९४-९५ मध्ये ही रक्कम एक कोटी झाली, १९९८-९९ मध्ये दोन कोटी, २०११-१२ पासून पाच कोटी. २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने योजना घटनात्मकदृष्ट्या वैध ठरविली, तेव्हा कायद्याचा प्रश्न मिटला. पण या योजनेने खासदाराच्या कामाची व्याख्याच नकळत बदलली. कायदे करणे आणि सरकारला जाब विचारणे हे ज्याचे काम, त्याच्याकडून लोक बांधकामाचा हिशेब मागू लागले, आणि तोही हौसेने तोच देऊ लागला.

७ डिसेंबर २०२३ रोजी केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंदी घातली आणि त्याच सुमारास कांद्याची निर्यातही थांबविली. कारखान्यांनी आसवनींसाठी काढलेल्या कर्जांचे काय, उसाच्या बिलांवर परिणाम किती, कांदा चाळीत ठेवावा की विकावा, असे प्रश्न एका आठवड्यात घरोघर उभे राहिले. त्याआधी पाच महिने राष्ट्रवादी काँग्रेसमध्ये फूट पडली होती. एकाच घराण्यातील खासदार विरोधी बाकावर होत्या आणि आमदार राज्याचे उपमुख्यमंत्री होते. एका व्यासपीठावरून निषेध ऐकू आला, दुसऱ्यावरून दिल्लीशी बोलण्याचे आश्वासन. २०२३ च्या अपुऱ्या पावसाने साखरेचे उत्पादन घटेल ही धास्ती, शहरी ग्राहकाला चढ्या भावाची झळ बसू नये ही निवडणूकपूर्व काळजी, आणि या दोहोंची किंमत उत्पादकाकडून वसूल करण्याचा जुना प्रघात, ही सारी साखळी शेतकऱ्याला उलगडून सांगण्याचे काम निषेधानेही होत नाही आणि आश्वासनानेही होत नाही.

खरी कसोटी मात्र पाण्याची आहे. २००८ च्या पुनर्रचनेनंतर बारामती लोकसभा मतदारसंघात बारामती, इंदापूर, दौंड, पुरंदर, भोर आणि खडकवासला असे सहा विधानसभा मतदारसंघ येतात. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चार धरणांची मिळून साठवणक्षमता सुमारे २९ टीएमसी. त्यावर पुणे शहराची तहान भागते, आणि त्याच साखळीतून निघणारा कालवा दौंड ओलांडून इंदापूरच्या शेवटच्या टोकाला जातो. सिंहगड रस्त्यावरील सदनिकेतला मतदार आणि कालव्याच्या टोकाचा इंदापूरचा शेतकरी एकाच खासदाराला मत देतात व एकाच पाण्यावर हक्क सांगतात. शहरात ‘पाणीकपात होऊ देणार नाही’ आणि इंदापुरात ‘आवर्तन कमी होऊ देणार नाही’, अशी दोन आश्वासने वेगवेगळ्या सभांतून देता येतात. एकाच कागदावर मात्र ती छापता येत नाहीत. बेरीज जुळत नाही.

ही केवळ कल्पना नव्हे. एप्रिल २०२१ मध्ये पुण्याकडून उजनी धरणात येणारे पाच टीएमसी सांडपाणी इंदापूर तालुक्यासाठी उचलण्याच्या योजनेच्या सर्वेक्षणाला शासनाने मान्यता दिली. इंदापूरचे आमदार भरणे हे त्या वेळी सोलापूरचे पालकमंत्री होते. सोलापूर जिल्ह्यात आंदोलन पेटले आणि मे महिन्यात तो निर्णय रद्द झाला. त्या दोन महिन्यांत इंदापुरात ‘हक्काचे पाणी’ आणि सोलापुरात ‘पळविलेले पाणी’ हे शब्द घुमले. उजनीत ते सांडपाणी नेमके किती येते, त्यातले किती आधीच हिशेबात धरलेले आहे, याचा तक्ता दोन्ही जिल्ह्यांच्या लोकांपुढे एकत्र ठेवण्याचे कोणाला सुचले नाही. नीरेच्या खोऱ्यातही तेच. नीरा देवघरचे डाव्या कालव्याला जाणारे जादा पाणी जून २०१९ मध्ये बंद करून उजव्या कालव्याकडे वळविण्यात आले आणि फेब्रुवारी २०२० मध्ये वाटप पुन्हा बदलले. सत्ता बदलली की पाण्याची दिशा बदलते, एवढेच काय ते लोकांना कळले. १८८५ साली सुरू झालेल्या डाव्या कालव्याच्या लाभक्षेत्राला एवढ्या पिढ्यांनंतरही आपल्या पाण्याची बातमी कर्णोपकर्णीच मिळावी, ही गोष्ट मनाला लागते.

परदेशांतही याची रीत निर्दोष नाही. अमेरिकी काँग्रेसच्या सभासदांना मतदारांना सरकारी खर्चाने पत्रे पाठविता येतात. मात्र निवडणुकीच्या आधीच्या काळात घाऊक टपालावर बंदी असते, कारण पत्राचे प्रचारपत्रक व्हायला वेळ लागत नाही. ब्रिटनमध्ये २००७ साली खासदारांना यासाठी स्वतंत्र भत्ता सुरू झाला आणि २०१० साली तो बंद करावा लागला. आपल्याकडे खासदारांच्या कार्यालयीन भत्त्यात लेखनसामग्री व टपालाची तरतूद आहेच. तेव्हा अडचण पैशाची नाही. अप्रिय आकडा सांगणाऱ्याला मते कमी पडतील ही भीती आहे, आणि ती अगदीच निराधार म्हणता येणार नाही. ‘यंदा ऊस लावू नका’ असे मतदारांना सांगून निवडणुकीला सामोरे जाणे सोपे नव्हे. परंतु न सांगितल्याचा खर्च नाहीसा होत नाही. तो कालव्याच्या टोकाकडील शेतकऱ्याच्या खात्यावर पडतो.

पावसाळा संपल्यावर १५ ऑक्टोबरचा धरणसाठा धरून हंगामाचे नियोजन होते. कालवा सल्लागार समिती त्यावर आवर्तने ठरविते, आणि लोकप्रतिनिधी त्या बैठकीला उपस्थित असतात. पूर्वहंगामी उसाची लागण ऑक्टोबर-नोव्हेंबरात चाललेली असते. एकदा लागण झाली की पुढचे वर्ष-सव्वा वर्ष रानाला पाणी लागणार. बेणे, मशागत, सोसायटीचे पीककर्ज सारे त्यात अडकणार. साठा इतका, शहराला इतके, बाष्पीभवन व गळती इतकी, उरलेल्या पाण्यात रब्बीची इतकी आणि उन्हाळ्याची इतकी आवर्तने, टोकापर्यंत पाणी पोचण्याची शक्यता अशी अशी, एवढा मजकूर एका पानात मावतो. हे आकडे जलसंपदा विभागाकडे तयार असतात. खासदाराच्या आणि आमदाराच्या सहीने ते पान खडकवासल्यात व इंदापुरात एकाच दिवशी, एकाच मजकुराने, लागण होण्यापूर्वी ग्रामपंचायतींच्या फलकांवर आणि सोसायट्यांच्या नोटीसबोर्डांवर लागावे. सर्वसाधारण सभेत काट्याच्या वजनावरून अध्यक्षांना उभे आडवे प्रश्न करणारा सभासद त्या पानावरचे आकडेही ताडून पाहील.