'बाथरूममध्ये पडले' याच्या पुढचा प्रश्न

पाय घसरून पडलेल्या माणसाला मार लागतो तो बहुधा गुडघ्याला, कोपराला, तळहाताला. पण मनगट ते कोपर या भागात बाहेरच्या बाजूने काळानिळा पट्टा उठला असेल, तर तो हात चेहरा वाचवायला वर गेलेला असण्याची शक्यता मोठी असते. दंडावर चार बोटांच्या खुणा असतील, तर तो कोणीतरी घट्ट आवळलेला असू शकतो. एक डाग ताजा आणि शेजारचा पिवळट पडत चाललेला असेल, तर मार बहुधा एकाच दिवसाचा नाही. महापालिकेच्या रुग्णालयातल्या कॅज्युअल्टीत बाई सांगते, "बाथरूममध्ये पडले." शरीर मात्र वेगळंच काही सांगत असतं.

पूर्वी अशा बाईचं ड्रेसिंग व्हायचं, दोन गोळ्या मिळायच्या आणि ती त्याच घरी परत जायची. वांद्र्याच्या के. बी. भाभा रुग्णालयात २००० साली हा क्रम मोडायचा प्रयत्न सुरू झाला. मुंबई महानगरपालिका आणि 'सेहत' ही आरोग्यक्षेत्रात संशोधन करणारी संस्था यांनी मिळून तिथे अशा बायकांसाठी 'दिलासा' हे समुपदेशन केंद्र उभं केलं. सरकारी रुग्णालयाच्या आत, रुग्णालयाचाच एक विभाग म्हणून चालणारं देशातलं हे असं पहिलं केंद्र. २००५ सालचा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा २६ ऑक्टोबर २००६ रोजी लागू झाला. म्हणजे कायद्याच्या कितीतरी आधी इथल्या सिस्टर आणि डॉक्टर मारहाणीकडे आरोग्याचा प्रश्न म्हणून पाहायला शिकत होते.

रुग्णालयच का? पोलीस ठाण्याची पायरी चढताना बाई शंभर वेळा विचार करते. दवाखान्यात जाते म्हणाली तर घरचे अडवत नाहीत, शेजारीही विचारत नाहीत. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी जेमतेम १४ टक्के स्त्रियांनी कोणाकडे तरी मदत मागितली होती. उरलेल्यांपैकी अनेकजणी कधी ना कधी केसपेपर काढून डॉक्टरांसमोर बसलेल्या असणार. त्या वेळी कोणी नीट विचारलं, तर वाट निघू शकते.

हे विचारणंच कौशल्याचं. नवरा सोबत आला असेल तर बाईच्या वतीने तोच उत्तरं देतो. मग सिस्टर सहज सांगते, "तपासणी करायचीय, नातेवाइकांनी जरा बाहेर थांबा." पडदा ओढला जातो. "तुमचा नवरा मारतो का?" असा थेट हल्ला कोणी करत नाही. "असा मार बघितला की आम्ही सगळ्याच बायकांना विचारतो. घरात काही त्रास आहे का?" एवढंच. कधी ती मान हलवते, कधी रडू फुटतं, कधी "नाही हो, काही नाही" म्हणून उठून जाते. गेली तरी केंद्र कुठे आहे ते तिला सांगितलेलं असतं. पुढच्या वेळी ती आपणहून येऊ शकते.

फिनेल किंवा उंदीर मारायचं औषध 'चुकून' प्यायलेल्या बायका वॉर्डात दाखल होतात, तिथेही केंद्रातली समुपदेशक खाटेशी जाऊन बसते. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ असं गृहीत धरतो की आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती. तिला हवी असते ती काळजी. आणि तणाव कशाचा, हे विचारणारं माणूस.

समुपदेशनाच्या खोलीत "तुझं काय चुकलं?" हा प्रश्न निषिद्ध आहे. समजूत घालून नांदायला पाठवणं हेही इथलं काम नाही. आधी तिला सांगितलं जातं की मार खाण्यात तिचा दोष नाही. मग दोघी मिळून सुरक्षिततेचा आराखडा करतात, आणि तो अगदी बारीक असतो. आधार कार्ड, रेशन कार्ड, मुलांचे जन्मदाखले, बँकेचं पासबुक यांच्या प्रती कोणाकडे ठेवायच्या? भांडण पेटलं की स्वयंपाकघरात थांबायचं नाही, तिथे सुरी असते, गॅस असतो. शेजारच्या काकूंना कोणत्या खुणेवरून कळेल? मुलांनी धावत कोणाच्या घरी जायचं? रात्री निघावं लागलं तर रिक्षाचे पैसे कुठे लपवायचे? त्या दिवशी घरी जाणं धोक्याचं असेल, तर देखरेखीच्या नावाने एक-दोन दिवस रुग्णालयातच ठेवून घेण्याची सोयही करता येते.

दुसरं काम लिहिण्याचं. 'मारहाण' एवढा एकच शब्द न लिहिता कोणी मारलं, कशाने मारलं, कधी मारलं आणि जखम नेमकी कुठे आहे, हे तिच्या सांगण्याप्रमाणे वैद्यकीय-कायदेशीर नोंदीत उतरवलं जातं. आज तिला तक्रार द्यायची नसेल, तरी दोन वर्षांनी ती दंडाधिकाऱ्यांसमोर उभी राहिली तर हाच कागद तिच्या बाजूने बोलतो. २००५ च्या कायद्यानुसार उपचारासाठी आधी कुठली तक्रार वा अहवाल असण्याची अट घालता येत नाही. राहत्या घरातून तिला बेकायदा बाहेर काढता येत नाही. संरक्षण, निवारा, खर्च, मुलांचा ताबा यासाठी ती अर्ज करू शकते, आणि पहिली सुनावणी शक्यतो तीन दिवसांत व्हावी असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तारखा लांबतात. तेव्हा फोन करून "येताय ना, मी आहे" म्हणणारी समुपदेशकच असते.

बऱ्याच जणी परत घरी जातात. मुलं असतात, भाडं परवडत नाही, माहेरचं दार बंद असतं. बाहेरून पाहणाऱ्याला हे अपयश वाटेल. केंद्रातल्या समुपदेशक तसं मानत नाहीत. निर्णय तिचा, आपण तिच्यासोबत, ही शिस्त त्या वर्षानुवर्षं पाळतात. दिवसभर दुसऱ्यांचं दुःख ऐकायचं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच खुर्चीत बसायचं, हे सोपं नाही.

वांद्र्यानंतर कुर्ल्याच्या भाभा रुग्णालयात केंद्र निघालं, पुढे राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियानातून मुंबईतल्या आणखी ११ रुग्णालयांत. केरळमधलं 'भूमिका' आणि हरियाणातलं 'सुकून' ही याच धर्तीवरची केंद्रं. या विस्तारामागे केवळ संस्था नाहीत. पडदा ओढणारी सिस्टर, "ताई, जरा त्या खोलीत जाऊन या" असं हळूच सुचवणारी आयाबाई, गर्दीतही नोंद पूर्ण लिहिणारा कॅज्युअल्टीतला तरुण डॉक्टर, यांचे आभार मानायचे राहून जातात. ते इथे मनापासून मानायला हवेत.

वाचकांपैकी कोणाच्या घरात, इमारतीत, नात्यात अशी बाई असेल, तर तिला सल्ला देण्याआधी तिचं ऐकून घ्या आणि तिच्यावर विश्वास ठेवा. महिला हेल्पलाइनचा क्रमांक १८१, तातडीच्या मदतीसाठी ११२. दोन्ही रात्रंदिवस सुरू असतात.